मोटारसायकल विकली, पण नांव कमी झालें काय?

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें म्हसोबाची यात्रा भरते व तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार भरतो, हें आमच्या ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. उपरण्याखालीं बोटें धरून दर ठरतो, पैसे मोजले जातात, दावें दुसऱ्याच्या हातांत जातें आणि व्यवहार संपतो. त्या बैलानें पुढील आठवड्यांत कोणाचें पीक खाल्लें किंवा कोणास शिंग मारलें, तरी जुन्या धन्याच्या दाराशीं कोणी येत नाहीं.

मोटारसायकल हा असा बैल नव्हे. पैसे आले, किल्ली दिली, गाडी नजरेआड झाली, तरी सरकारी दप्तरांत जोंपर्यंत आपलें नांव आहे तोंपर्यंत ती आपल्याच गोठ्यांत बांधलेली आहे, असें कायदा समजतो. ही एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहें.

एके काळीं शेतकऱ्याच्या अंगणांत बैलगाडी असे. १९८५ सालीं हिरो होंडा कंपनीची सीडी १०० ही थोड्या पेट्रोलवर दूर जाणारी गाडी निघाली; त्यानंतर तशा जातीच्या गाड्या खेडोपाडीं पसरल्या. आज दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, खताची गोणी आणि शाळेंत जाणारें मूल हीं सर्व त्याच दोन चाकांवर जातात. कल्याणच्या बाजार समितींत भाजी घालून नऊ वाजण्याच्या आंत शेतावर परत येणारे कित्येकजण मला ठाऊक आहेत. पांच-सात वर्षांनीं गाडी जुनी होते, घरांत नवी येते, आणि जुनीचें काय करावें हा प्रश्न पडतो. दलालाकडे दिली तर तो आपला नफा राखून भाव सांगतो; म्हणून पुष्कळजण ओळखीपाळखींतच ती विकतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. उलट दोघांचाही फायदा असतो. गैर असतें तें पुढेंच.

लेखकाचा अनुभव

महसूल खात्यांत माझीं तीस वर्षें कारकुनी करण्यांत गेलीं. या काळांत “खरेदीखत झालें म्हणून स्वस्थ बसूं नका, फेरफार मंजूर झाला कीं नाहीं तें पाहा,” असें मीं किती शेतकऱ्यांस सांगितलें असेल याची गणती नाहीं. निवृत्तीनंतर बुवापाड्यांतील घरीं माझी जुनी मोटारसायकल उभीच राहूं लागली, तेव्हां ती विकावयाचें ठरविलें. एका परिचिताच्या ओळखीनें बदलापूरकडील एक तरुण आला. गाडी त्यास पसंत पडली. अठ्ठावीस हजारांवर सौदा तुटला व पैसे त्यानें रोख मोजून दिले. नांवबदलाचे छापील नमुने त्यानें बरोबरच आणले होते. “काका, तुम्ही नुसत्या सह्या करा, बाकीचें मी भरून कार्यालयांत देतों,” असें तो म्हणाला. मीं सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नांवाची जागा कोरी होती, तारखेची जागा कोरी होती. कोऱ्या कागदावर सही करूं नये, हें दुसऱ्यास सांगण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानेंच तें केलें.

चार महिन्यांनीं माझ्या मोबाईलवर ई-चलान आलें : हेल्मेट न घातल्याबद्दल दंड, ठिकाण भिवंडी. नंतर दुसरें आलें, तिसरें आलें. त्या तरुणास विचारलें, तर त्यानें गाडी दोनच महिन्यांत दुसऱ्यास दिली होती, व त्या दुसऱ्यानें तिसऱ्यास. माझे सह्या केलेले कागद प्रत्येकानें पुढच्याच्या हातीं ठेविले होते. कार्यालयांत ते कोणीच नेले नव्हते. मग एके दिवशीं सायंकाळीं पोलीस ठाण्यांतून विचारणा आली कीं, आपल्या गाडीचा एका वृद्ध गृहस्थास धक्का लागला आहे, गाडी कोण चालवीत होतें? त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पहांटे उठून विम्याचा कागद शोधून काढला. विम्याची मुदत संपावयास एकोणीस दिवस उरले होते.

सुदैवानें त्या गृहस्थांस मोठी इजा झालेली नव्हती. औषधपाण्याचा खर्च गाडी बाळगणाऱ्यानें दिला व दावा झाला नाहीं. पुढें त्या इसमास गांठून, हातापायां पडून, गाडी त्याच्या नांवें करून घेतली; चलानांचे पैसे मींच भरले. विक्रीच्या दिवसापासून माझें नांव कमी होण्यास चौदा महिने लागले. हे एकोणीस दिवस उरले नसते तर काय झालें असतें, तें पुढें सांगतों.

मालक कोण?

जिंदगी जंगम असो वा स्थावर, तिचा मालक एक आणि दप्तरांतील नांव दुसरें, असें होऊं शकतें. जमिनीच्या बाबतींत आपणांस हें चांगलें ठाऊक आहे. सातबाऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. परंतु ती मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. वाद पडला तर दिवाणी न्यायालय दस्त पाहतें. म्हणजे जमिनींत दस्त थोर, नोंद त्याच्यामागून चालणारी.

वाहनाच्या जबाबदारींत हा क्रम उलटा आहे. घेणारा व देणारा यांच्यापुरतें पाहिलें तर मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणें सौदा होऊन गाडी हवालीं झाली कीं सामान्यतः विक्री पुरी होते. पण रस्त्यावर ज्यास इजा झाली तो तिऱ्हाईत मनुष्य तुमच्या घरांतील पावती कोठून पाहणार? त्यास दिसतो तो गाडीचा नंबर. म्हणून मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (३०) नें, अज्ञान व भाडेखरेदी वगैरे अपवाद सोडतां, ज्याच्या नांवें वाहनाची नोंदणी आहे तोच मालक, अशी व्याख्या करून ठेविली आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठापुढें असेंच प्रकरण आलें होतें. मूळ मालकानें मोटार २००७ सालीं विकली होती. ती पुढें एकाकडून दुसऱ्याकडे गेली व २००९ सालीं तिच्या अपघातांत जीवितहानि झाली. तोंपर्यंत दप्तरीं नांव पहिल्याचेंच होतें. मधल्या कोणीही नांव बदललें नसल्यामुळें भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय न्यायालयानें दिला. गाडी आपण विकली होती, ही गोष्ट त्याच्या उपयोगीं पडली नाहीं.

आतां विम्याच्या त्या एकोणीस दिवसांविषयीं. विमा चालू असेल तर तिऱ्हाईताच्या नुकसानीचा बोजा विमा कंपनीवर जातो. विमा संपला असेल तर तो बोजा मालकावर येतो. आणि तो वसूल कसा होतो? त्याच अधिनियमाचें कलम १७४ असें सांगतें कीं, न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम न मिळाल्यास त्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवावा, व जिल्हाधिकाऱ्यांनीं ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावी. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें, या शब्दांचा अर्थ खातेदारास फोड करून सांगावयास पाहिजे असें नाहीं. प्रथम मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, आणि तेवढ्यानें न भागल्यास स्थावराची जप्ती व लिलाव. अशा नोटिसा मीं स्वहस्तें लिहिलेल्या आहेत. अठ्ठावीस हजारांना विकलेल्या गाडीपायीं वडिलोपार्जित शेतावर टांच येऊं शकते. त्या रात्रीं मला झोंप कां आली नाहीं, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १९९-अ घातलें गेलें. अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. घेणाऱ्याच्या सोळा वर्षांच्या मुलानें गाडी नेली, तर दप्तरांतील मालक म्हणून पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

विक्रीपूर्वींची तयारी

प्रथम नोंदणीचें पुस्तक किंवा कार्ड काढून त्यावर नांव कोणाचें आहे तें पाहावें. कित्येक घरीं गाडी दिवंगत वडिलांच्या नांवें असते व मुलें ती बिनदिक्कत चालवीत असतात. मयताच्या सहीनें विक्री होत नाहीं. जमिनीस जशी वारसनोंद, तशी गाडीसही आहे. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ मध्यें अर्ज करून वारसानें आपलें नांव लावून घ्यावें. विक्रीचा विचार त्यानंतर करावा.

दुसरें, गाडी कर्जानें घेतली असल्यास नोंदणींत बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असतो. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरतो असें समजूं नये. बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन तो कमी करवून घ्यावा लागतो. तिसरें, खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असल्यास घेणाऱ्यास तसें आधींच सांगावें. चौथें, विमा व धुराचा दाखला चालू स्थितींत असावा, आणि जुनीं चलानें असल्यास तीं फेडून टाकावीं. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या गाड्यांस महाराष्ट्रांत उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून घ्यावी लागते, तीही बसली आहे कीं नाहीं तें पाहावें. इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवर व पुस्तकांत एकच आहेत, हें स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावें.

गाडी धुऊन, साखळीस तेल देऊन, ब्रेक व दिवे नीट करून ठेवावी. पण दोष झांकण्यासाठीं रंगसफेती करूं नये. बैलाचें वय दांतांवरून कळतें, तसें गाडीचें टायर, साखळी व इंजिनाच्या आवाजावरून जाणत्यास कळतेंच. जें मोडकें आहे तें तोंडानें सांगावें. त्यानें चार-पांचशें कमी आले तरी मागाहून दाराशीं तक्रार येत नाहीं.

किंमत कशी ठरवावी?

येथें विमा कंपन्यांचें कोष्टक मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडतें. नव्या गाडीच्या कारखान्यानें ठरविलेल्या किंमतींतून, गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० व पांच वर्षांपर्यंत ५० याप्रमाणें घट धरतात. पांच वर्षांपुढें उभयतांच्या संमतीनें किंमत ठरते. उदाहरणार्थ, ८०,००० रुपये किंमतीच्या गाडीस साडेतीन वर्षें झालीं असल्यास शेंकडा ४० वजा जातां ४८,००० रुपये राहतात. हा बाजारभाव नव्हे. तो धडा धरून गाडीची स्थिति, झालेला प्रवास व गांवांतील मागणी यांवरून वर-खालीं जावें. लगनसराई व पेरणीच्या हंगामांत गरजू घेणारा भेटतो. आपण मात्र गरजू दिसूं नये.

विम्यांतील एक बारीक मुद्दा पुष्कळांस माहीत नसतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत शेंकडा २० पासून ५० पर्यंत चढत जाते. ही सवलत मनुष्याची असते, गाडीची नव्हे. म्हणून विक्रीच्या वेळीं विमा कंपनीकडून तिचा दाखला घेऊन ठेवावा. स्वतःच्या नव्या गाडीस ती लागूं होऊं शकते.

सौद्याचा दिवस

अनोळखी मनुष्य गाडी चालवून पाहूं इच्छील तर त्याचा परवाना पाहावा, परवाना व ओळखपत्र आपल्यापाशीं ठेवून घ्यावें, आणि शक्य तर मागें बसून जावें. किल्ली देऊन ओटीवर बसून राहूं नये.

पैसे रोख असतील तर चार माणसांत मोजून घ्यावे. शक्य तर बँकेंतच घ्यावे. मोबाईलनें येणार असतील तर घेणाऱ्यानें दाखविलेल्या चित्रावर विसंबूं नये. आपल्या खात्यांत रक्कम जमा झालेली आपण स्वतः पाहिली, म्हणजे ती आली. एक नियम सर्वांनीं पाठ करावा : पैसे घेण्यासाठीं आपला गुप्त अंक कधींही दाबावा लागत नाहीं, तो फक्त पैसे देतांना लागतो. “हा चौकोन टिपा व अंक दाबा, म्हणजे पैसे येतील,” असें जो सांगतो तो लुबाडावयास आला आहे, मग तो आपणांस सैन्यांतील शिपाई म्हणवो कीं आणखी कोणी.

पावती दोन प्रतींत करावी. तींत उभयतांचीं नांवें व पत्ते, नंबर, इंजिन व चासी क्रमांक, किलोमीटरचा आंकडा, किंमत, आणि गाडी हवालीं केल्याची तारीख व वेळ लिहावी. वेळ लिहिण्याचें कारण असें कीं, त्याच दिवशीं सायंकाळीं कांहीं घडलें तर गाडी कोणाच्या ताब्यांत होती हें तींवरून कळतें. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या व घेणाऱ्याच्या ओळखपत्राची नक्कल जोडावी. परंतु ही पावती, किंवा मुद्रांकावर केलेलें प्रतिज्ञापत्र, नांवबदलाची जागा घेऊं शकत नाहीं. तें साधन आहे, नोंद नव्हे.

खरें काम : नमुना २९

कायद्याचें कलम ५० दोघांवर वेगवेगळें कर्तव्य टाकतें, आणि येथेंच बहुतेकांची गफलत होते. नांव लावून घेणें हें घेणाऱ्याचें काम. त्यासाठीं नमुना ३० आहे व त्यास तीस दिवसांची मुदत आहे. परंतु गाडी विकली हें कळविणें, तें काम विकणाऱ्याचें. त्यासाठीं नमुना २९ आहे व मुदत चौदा दिवसांची आहे. गाडी परराज्यांत जात असल्यास पंचेचाळीस दिवसांची. तेव्हां हा नमुना घेणाऱ्याच्या हवालीं करून निश्चिंत होणें म्हणजे आपली वर्दी दुसऱ्यानें द्यावी अशी अपेक्षा करण्यासारखें आहे. तो स्वतः भरावा, घेणाऱ्याचें नांव, पत्ता व तारीख घालूनच सही करावी, आणि कार्यालयांत स्वतः देऊन पोंच घ्यावी. अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर येथील गाड्यांचें कार्यालय कल्याणचें. ज्या गाड्यांच्या नंबराचा आरंभ एमएच ०५ नें होतो त्या तेथल्या. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें ही सूचना आधारच्या पडताळणीनें घरबसल्या मोबाईलवरूनही देतां येण्याची सोय झाली आहे. मुलाबाळांचें साहाय्य घ्यावें.

सर्वांत चांगला मार्ग असा कीं, किंमतींतील कांहीं रक्कम नांव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचें आधींच ठरवावें, व उभयतांनीं एकाच दिवशीं दोन्ही नमुने दाखल करावे. घेणारा प्रामाणिक असेल तर त्यास हें रुचेल, कारण नांव लागण्यांत त्याचेंही हित आहे. गाडीबरोबर तिऱ्हाईताचा विमाही कलम १५७ प्रमाणें त्याच्याकडे गेला असें धरतात. पण विम्याच्या कागदावर नांव बदलण्यासाठीं त्यानें चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो, हेंही त्यास सांगावें.

गाडी दलालास द्यावयाची असल्यास तो परवानाधारक आहे काय तें पाहावें. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यांत गाडी दिल्याची सूचना नोंदली गेली म्हणजे पुढें त्यासच मालक समजतात. रस्त्याच्या कडेच्या बिनपरवाना दलालास हा नियम लागू नाहीं.

एवढें झाल्यावर दर आठ-पंधरा दिवसांनीं गाडीचा नंबर घालून नोंद पाहावी. आपलें नांव जाऊन दुसऱ्याचें आलें, म्हणजे विक्री पुरी झाली. त्या दिवशीं नोंदीची नक्कल काढून पावतीबरोबर, सातबाऱ्याच्याच पेटींत, ठेवून द्यावी.

शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. आपल्या संस्थेच्या कार्यालयांत बियाण्यांच्या व कर्जाच्या अर्जांबरोबर नमुना २९, ३०, ३१ व ३५ यांचे कोरे संच ठेवावे, आणि कोणा सभासदास गाडी विकावयाची असल्यास सचिवांनीं ते भरण्यास मदत करावी. खर्च म्हणावा तर कागदाचा. माझ्यासारख्या लिहित्या-वाचत्या माणसाची जी फजिती झाली ती शेतांत राबणाऱ्या बांधवाची होऊं नये, आणि ज्या दिवशीं तो निजेल त्या दिवशीं विम्याचे दिवस मोजीत निजूं नये, एवढीच इच्छा आहे.